अमेरिकेचा पैसा थांबला तर एड्सच्या गोळ्या थांबतील का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला तुमच्या मामेभावाचा आहे. तो एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांवर आहे, अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्याच्या बातम्या त्याने वाचल्या आणि पुढे गोळ्या मिळाल्या नाहीत तर म्हणून आत्तापासूनच दिवसाआड घ्यायचा विचार करतोय. दुसरा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे आणि त्यात राग आहे: लाखो लोकांचा जीव एका देशाच्या मर्जीवर ठेवला कुणी, आणि आजारपणात राजकारण आणलंच कशाला?

भावाचं आधी. त्याला आजच सांगा, एकही गोळी चुकवायची नाही. दिवसाआड घेतल्याने रक्तातलं औषध कमी पडतं, विषाणू पुन्हा वाढायला लागतो आणि हळूहळू त्या औषधाला दाद देईनासा होतो. मग दुसऱ्या, महागड्या गोळ्यांवर जावं लागतं. सरकारी एआरटी केंद्रावर त्याला मिळणारी गोळी अमेरिकेच्या पैशातून येत नाही. ती केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पातून, नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत विकत घेतली जाते. मनात शंका असेल तर केंद्रातल्या समुपदेशकाशी बोलायला सांगा, नाहीतर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.

आता तुमचा प्रश्न. मी आधी समुपदेशक म्हणून आणि नंतर औषधपुरवठा व प्रतिबंधाच्या प्रकल्पांचं नियोजन करत पश्चिम महाराष्ट्रात दोन दशकांहून जास्त काळ या कामात आहे. राजकारणामुळे माणसं मेली हे खरं आहे, त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण पुढे सांगते. पण तुमच्या भावाच्या हातात आज जी गोळी आहे, तीही राजकारणामुळेच आली. फरक इतकाच की ते राजकारण रुग्णांनी स्वतः केलं होतं.

१९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो हे जगापुढे आलं. अमेरिका-युरोपात मरणाला टेकलेली माणसं उठून कामाला जायला लागली. त्या उपचाराचा वर्षाचा खर्च होता दहा हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने चार-पाच लाख रुपये. आपल्याकडे मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, तीही सुरुवातीला मोजक्या केंद्रांत. मधल्या वर्षांत आमच्याकडे येणारी कुटुंबं आधी दागिने विकायची, मग जमिनीचा तुकडा. परवडत नाही म्हणून तीनऐवजी दोन औषधं, कधी एकच. पैसे संपले की बंद, पुन्हा जमले की चालू. नवरा जायचा, बाई मागे राहायची, तिलाही लागण झालेली असायची आणि तिच्या औषधासाठी विकायला काही उरलेलं नसायचं. औषध अस्तित्वात होतं, आम्हाला त्याचं नाव माहीत होतं, आणि तरीही आम्ही त्या बाईला देऊ शकत नव्हतो.

इतकं महाग का? गोळी बनवायचा खर्च फार नव्हता. पेटंटमुळे एकाच कंपनीला ती विकायचा हक्क होता आणि किंमत श्रीमंत देशांच्या विमा योजना बघून ठरत होती. इथे आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं महत्त्व कळतं. त्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीला होतं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवलं तर ते कायदेशीर होतं. त्याच आधारावर मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केलं की तीन औषधांचा वर्षभराचा उपचार आम्ही ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी! एका घोषणेने ‘गरीब देशांना हे झेपणारच नाही’ या युक्तिवादातली हवा गेली.

पण नुसती स्वस्त गोळी बनली म्हणून ती पोचली नसती. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्या सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. स्वस्त औषधं आयात करायला परवानगी देणारा १९९७ चा कायदा त्यांना रद्द करून हवा होता. झॅकी अखमत आणि त्यांच्या साथीदारांनी १९९८ मध्ये उभी केलेली ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ त्या खटल्यात उतरली, रस्त्यावरही उतरली. अखमत स्वतः एचआयव्हीसह जगत होते आणि सरकारी दवाखान्यात सामान्य माणसाला औषध मिळेपर्यंत मी घेणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. जगभर छी-थू झाल्यावर एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत सगळ्या देशांनी मान्य केलं की व्यापार करार लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नये. ब्राझीलने १९९६ पासूनच कायद्याने सगळ्यांना मोफत औषध द्यायला सुरुवात केली होती. २००७ मध्ये एका औषधाची किंमत पटली नाही तेव्हा त्या सरकारने पेटंट बाजूला ठेवून भारतातून ते आयात केलं. हे सगळं राजकारणच आहे, आणि त्यातलं काहीही झालं नसतं तर एआरटी केंद्रं म्हणजे फक्त नोंदवह्या ठेवायच्या खोल्या राहिल्या असत्या.

आता तुम्हाला ज्याचा राग आहे ते राजकारण. ज्या दक्षिण आफ्रिकेपुढे कंपन्यांना खटला मागे घ्यावा लागला, तिथल्याच राष्ट्राध्यक्षांनी, थाबो म्बेकींनी, एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत राहिल्या. बाळाला लागण होऊ नये म्हणून आईला द्यायचं नेव्हिरापिनसारखं साधं औषध सरकारी दवाखान्यांत मिळावं, यासाठी रुग्णांना आपल्याच सरकारविरुद्ध तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत जावं लागलं. २००२ मध्ये ते जिंकले. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर अंदाज काढला की त्या काही वर्षांच्या दिरंगाईने तीन लाख तीस हजारांहून जास्त जीव गेले. म्हणजे ज्या सरकारला कंपन्यांपासून वाचवायला लोक उभे राहिले, त्याच सरकारपासून स्वतःला वाचवायलाही त्यांनाच उभं राहावं लागलं. मी नव्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणात हे नेहमी सांगते.

आपल्याकडेही सुरुवात फार वेगळी नव्हती. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने रक्तदान केलं होतं त्यातून एचआयव्ही कळल्यावर, पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. बाहेर आल्यावर त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १९९२ मध्ये तो गेला. त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेत एड्स कार्यक्रमाचे प्रमुख असलेले जोनाथन मान हे सांगत होते की रुग्णाला कोंडलं, कामावरून काढलं, गावाबाहेर घातलं तर लोक तपासणीलाच येणार नाहीत आणि आजार आतल्या आत पसरेल. त्यांचं वरिष्ठांशी पटलं नाही, १९९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांवरून सांगू शकते. ज्या गावात एकाचं नाव फुटलं, त्या गावातून पुढे कितीतरी दिवस कुणी तपासणीला येत नाही.

एका देशावर एवढा भार कसा गेला, हे आता थोडक्यात. जानेवारी २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एड्सवर चर्चा केली. एखाद्या आजारावर तिथे अशी चर्चा पहिल्यांदाच होत होती. २००२ मध्ये एड्स, क्षय आणि मलेरियासाठी ग्लोबल फंड सुरू झाला, त्यात अनेक देशांचा पैसा आणि संचालक मंडळात या आजारांसह जगणाऱ्यांनाही मत. मग जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, तीच पेपफार. त्यामागे दया होती, चर्चशी जोडलेल्या मतदारांचा आग्रह होता, आफ्रिकेतली राज्यं कोसळतील ही भीती होती आणि इराक युद्धाच्या तोंडावर चांगलं नाव मिळवायची गरजही असावी असं मला वाटतं. हेतू मिसळलेले होते म्हणून मी त्या योजनेला नावं ठेवणार नाही. तिने दोन कोटींहून जास्त जीव वाचवले असं मानलं जातं आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

पण पैशाबरोबर अटी आल्या. प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश भाग ‘लग्नापर्यंत संयम’ शिकवण्यावर खर्च करा, आणि पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाचा विरोध करतो असं लिहून द्या. ही दुसरी अट वरवर साधी दिसते. आमच्या कामात ती कशी उलटते ते सांगते. वस्तीत निरोध पोचवायचा, दर तीन महिन्यांनी तपासणीला न्यायचं, पोलिसांनी पकडलं तर धावायचं, ही कामं तिथल्या बायकाच करतात. आम्ही त्यांना पीअर म्हणतो. त्यांच्याशिवाय बाहेरचा माणूस दुसऱ्या जिन्यावरही पोचत नाही. आणि त्यांनाच सांगायचं की तुमच्या पोटापाण्याचा आम्ही लेखी निषेध केला आहे, आता या कामाला? सांगलीत मीना सरस्वती शेषू यांची ‘संग्राम’ संस्था आणि त्यातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद हे काम नव्वदच्या दशकापासून करत होत्या. ‘संग्राम’ने सही करायला नकार दिला आणि २००५ मध्ये अमेरिकी पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझीलनेही याच अटीपायी चार कोटी डॉलर नाकारले. ब्राझीलकडे स्वतःची तिजोरी होती. सांगलीतल्या संस्थेने नाही म्हणायला लागतं ते धैर्य वेगळं, आणि या जिल्ह्यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचा आधार वाटला.

तर ‘मर्जीवर ठेवलं कुणी’ याचं उत्तर असं की पैसा देणाऱ्याने दिला, घेणाऱ्या सरकारांनी तो कायमचा धरला, आणि आपल्या अर्थसंकल्पातला वाटा वाढवायचं काम पुढे ढकललं. आफ्रिकेतल्या देशांनी २००१ मध्ये अबुजा इथे ठरवलं होतं की अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करू. बहुतेकांना ते जमलं नाही. काहींच्या डोक्यावर कर्जाचा एवढा बोजा आहे की त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

मदत थांबल्यावर नक्की काय होतं हे मात्र देशादेशावर अवलंबून आहे, त्यामुळे सरसकट बातम्यांवर विश्वास ठेवू नका. तीन गोष्टी बघा: गोळ्यांचे पैसे कोण देतं, गोळ्या देणाऱ्या माणसांचे पगार कोण देतं, आणि सगळ्यात जोखमीच्या लोकांपर्यंत कोण जातं. दक्षिण आफ्रिका आपल्या गोळ्या स्वतः विकत घेते. तिथल्या एचआयव्ही खर्चात अमेरिकेचा वाटा सुमारे १७ टक्के होता. तरीही २०२५ मध्ये तिथे हजारो कर्मचारी घरी बसले, कारण तो वाटा नेमका माणसांच्या पगारात होता: समुपदेशक, घरोघरी जाणारे, गोळ्या सोडलेल्यांना शोधून आणणारे. कपाटात गोळी आहे पण ती सोडलेल्या माणसाला परत आणणारं कुणी नाही, ही स्थिती बाहेरून दिसत नाही. मोझांबिकसारख्या देशात गोळ्या आणि पगार दोन्ही बाहेरच्या पैशावर आहेत, तिथे धक्का सरळ बसतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवल्यावर काही दिवसांत जीवरक्षक उपचारांना सूट मिळाली. पण लागण होण्याआधी घ्यायच्या प्रतिबंधक औषधाची सूट फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांपुरती ठेवली गेली. समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, वेश्याव्यवसायातल्या बायका, नशेची इंजेक्शनं घेणारे, म्हणजे ज्यांना त्या औषधाची सगळ्यात जास्त गरज, तेच बाहेर. विषाणूच्या दृष्टीने याला काहीही तर्क नाही. ही निवड कुणाचा जीव आधी मोजायचा याची आहे.

भारताबद्दल निश्चिंत राहा असं मी म्हटलं ते गोळ्यांपुरतं. सुरुवातीला, १९९२ मध्ये, आपला कार्यक्रमही जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला. मध्ये गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत होता. हळूहळू केंद्राने भार उचलला. कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५,४७१ कोटींहून जास्त तरतूद झाली. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण आपला पैसा असला म्हणजे गोळी असतेच असं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर निविदा अडकल्या आणि बऱ्याच ठिकाणी तुटवडा झाला, महिन्याच्या जागी काही दिवसांच्या गोळ्या द्यायची वेळ आली. रुग्ण दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर महिन्याहून जास्त काळ बसून राहिले, तेव्हा हालचाल झाली. परदेशी देणगीदार त्यात कुठेच नव्हता.

आणखी एक धागा आपल्याला जगाशी बांधतो. गरीब देशांत जाणाऱ्या एचआयव्हीच्या गोळ्यांपैकी बहुतांश भारतात बनतात. ग्लोबल फंड आणि पेपफार हे त्यांचे मोठे ग्राहक. मागणी प्रचंड म्हणून किंमत इतकी खाली आली: तीन औषधांची एक गोळी, जिला आम्ही टीएलडी म्हणतो, वर्षाला ४५ डॉलरच्याही खाली मिळू लागली. बाहेरची खरेदी आटली तर काही कंपन्या हे उत्पादन सोडतील, आणि त्याचा परिणाम आपल्या निविदांवर येऊ शकतो. येईलच असं मी म्हणत नाही, पण नियोजन करणाऱ्याने हे डोळ्यासमोर ठेवावं.

तुम्ही जाता जाता विचारलंय की एड्सलाच इतका पैसा का, क्षय आणि मलेरियाला का नाही. तक्रारीत तथ्य आहे. देणगीच्या प्रकल्पात पगार चांगला म्हणून सरकारी दवाखान्यातली परिचारिका तिकडे जायची आणि बाळंतपणाची खोली ओस पडायची, हे अनेक देशांत झालं. पण क्षयाला पैसा कमी पडतो याचं एक कारण असं की क्षयाच्या रुग्णांची तशी चळवळ उभी राहिली नाही. एड्सकडून ती शिकून घ्यावी, एड्सचे पैसे कापून काही साधणार नाही.

आता पुढे बघायचं ते असं. लागण होऊ नये म्हणून घ्यायचं लेनाकापाविर नावाचं औषध आलं आहे, वर्षातून दोन इंजेक्शनं. आफ्रिकेतल्या एका चाचणीत ते घेतलेल्या दोन हजारांहून जास्त तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. मूळ कंपनीने १२० देशांसाठी सहा कंपन्यांना ते बनवायची परवानगी दिली आहे, त्यात पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या दोन कंपन्या आहेत. या हैदराबादच्या कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला साधारण ४० डॉलरला देण्याचं कबूल केलं आहे. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू त्या १२० देशांत नाहीत, आणि याच देशांतल्या लोकांनी त्या औषधाच्या चाचणीसाठी आपलं शरीर दिलं होतं. २००१ चाच प्रश्न पुन्हा उभा आहे, फक्त आता तो लागण होण्याआधीचा आहे.

आपल्यापुरतं बोलायचं तर आपला एचआयव्ही कायदा २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लागू झाला. त्यात भेदभावाविरुद्ध चांगल्या तरतुदी आहेत. पण उपचार द्यायच्या कलमात ‘शक्य असेल तितपत’ अशी पळवाट ठेवली आहे. रुग्णांच्या संघटनांनी कायदा होत असतानाच त्यावर हरकत घेतली होती. ती अट काढली तर तुटवडा झाल्यावर रुग्णाला आंदोलनाऐवजी हक्काने न्यायालयात जाता येईल. दुसरं, वस्तीत काम करणाऱ्या पीअर बायकांचं तुटपुंजं मानधन महिनोन्‌महिने अडकतं ते थांबायला हवं. पुढच्या टप्प्याच्या आखणीत मी आणि माझे सहकारी याच दोन मागण्या लावून धरणार आहोत. तुमच्या जिल्ह्यात पॉझिटिव्ह लोकांची संघटना असेल तर तुमचा भाऊ तयार असो वा नसो, तुम्ही तिच्या बैठकीला जा. नातेवाइकांना तिथे मज्जाव नसतो, आणि आमदार-खासदारांना लिहायच्या पत्रांवर सह्या करायला त्यांना माणसं कमी पडतात.